विजेची शिदोरी व तिची तार

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा नदीस जो महापूर आला तो सांगलीकरांच्या स्मरणांतून जाण्यासारखा नाहीं. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळीं पाणी ५७ फुटांच्याही वर चढलें. शहराचे व नदीकांठच्या गांवांचे अनेक भाग जलमय झाल्यामुळें तेथील वीजपुरवठा बंद करावा लागला. अशा वेळीं वरच्या मजल्यावर अडकून पडलेल्या कुटुंबास बाहेरच्या जगाशीं जोडणारा दुवा म्हणजे हातांतील मोबाइल फोन. बोट मागवावयाची ती त्यावरून, आणि दूरच्या आप्तेष्टांस खुशाली कळवावयाची तीही त्यावरूनच. घरांत वीज नसतां तो फोन जिवंत ठेवावयाचा तर भरंवसा पॉवर बँकेचा. पुढें २०२१ च्या जुलै महिन्यांतही कृष्णेनें पुन्हां धोक्याची रेषा ओलांडली. नदीकांठच्या ज्या घरांत पावसाळ्यापूर्वीं धान्य, मेणबत्त्या व औषधें उंचावर हलवितात, त्या घरांत विजेची ही शिदोरीही भरून ठेवणें आतां ओघानेंच आलें.

पॉवर बँक विकत घेतांना आपण तिच्यावरील आंकडा पाहतों: दहा हजार, वीस हजार. ती किती वॅटची आहे, फोन जलद भरते कीं नाहीं, हेंही दुकानदारास विचारतों. मात्र बँकेस फोनशीं जोडणारी जी हातभर केबल, ती घरांत जी सांपडेल ती. ताईची, दादाची, जुन्या फोनाबरोबर आलेली, नाहीं तर पोवई नाक्यावर किंवा मिरज स्टेशनाबाहेर घाईंत घेतलेली. मग तक्रार ऐकूं येते कीं, बँक नवी, फोन नवा, तरी फोन भरावयास तासन्‌तास लागतात! दोष बहुधा बँकेच्या माथीं मारला जातो. खरा दोषी पुष्कळदां मध्यें पडलेला असतो, व त्याच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं.

ज्या पालकांच्या घरीं शेती आहे त्यांना या विषयाचें मर्म नव्यानें सांगावयास नको. मिरज, तासगांव, वाळवा, कराड या तालुक्यांत विहीर एका टोकाला आणि डी.पी. दुसऱ्या टोकाला असें चित्र पुष्कळ ठिकाणीं दिसतें. मधल्या अंतरांत पैसे वांचविण्यासाठीं बारीक तार टाकली कीं मोटार गुरगुरते, तापते, पण पाणी उचलीत नाहीं. डी.पी.पाशीं विजेचा दाब पुरेसा असतो. मोटारीपाशीं मात्र तो अपुरा पडतो, कारण मधला दाब तारेनेंच खाल्लेला असतो. अशीच मोटार हट्टानें चालविली तर ती जळते व भरावयास टाकावी लागते. तार जाड घातली कीं दुखणें जातें. पॉवर बँक ही आपली डी.पी., फोन ही मोटार, आणि केबल ही मधली तार. अंतर हातभरच आहे हें खरें; परंतु येथील तारही तशीच बारीक, आणि आरंभींचा दाब अवघा ५ व्होल्ट. घरांतील २३० व्होल्टांतून एखादा व्होल्ट गळाला तर कोणास पत्ताही लागत नाहीं. ५ व्होल्टांतून एक गेला म्हणजे पांचवा हिस्सा गेला.

प्रत्येक धातु विजेच्या वाहण्यास थोडाबहुत अडथळा करतो. या अडथळ्यास रोध म्हणतात, व तो ओहम या मापानें मोजतात. हें नांव गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाचें. हे गृहस्थ कोलोन शहरांतील जेझुइट विद्यालयांत शिक्षक होते. शाळेच्याच साधनांवर त्यांनीं तारांचे प्रयोग केले, आणि १८२७ मध्यें आपला नियम ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांस तो नियम पाठ असतो, पण त्याचा उपयोग परीक्षेबाहेर कोठें आहे हें फारसें कोणी सांगत नाहीं. तो येथें आहे. तारेंतून जाणाऱ्या प्रवाहास तारेच्या रोधानें गुणावें, म्हणजे तारेंत किती व्होल्ट खर्ची पडले तें निघतें. तार दुप्पट लांब तर रोध दुप्पट. तिचा छेद दुप्पट तर रोध निम्मा. शिवाय एक गोष्ट विसरतां कामा नये. वीज बँकेंतून फोनकडे जाते तशी ती परतही यावी लागते. म्हणून मीटरभर केबलींत तांब्याची वाट दोन मीटरांची असते.

तारेची जाडी गेजच्या क्रमांकानें सांगतात, आणि हा क्रमांक प्रथम वाचणारास फसवितो. विट्याच्या मागावर काम करणारास ठाऊक असतें कीं, सुताचा नंबर जसजसा चढतो तसतसें सूत बारीक होतें. अमेरिकन गेजाचेंही तसेंच आहे. २८ नंबरची तार ०.३२ मिलिमीटर जाडीची, २४ नंबरची ०.५१ मिलिमीटर, आणि २० नंबरची ०.८१ मिलिमीटर. हा फरक डोळ्यांस क्षुल्लक भासतो. परंतु रोध छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळें २८ नंबरच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.२१३ ओहम, २४ नंबरचा ०.०८४, व २० नंबरचा केवळ ०.०३३ भरतो. आतां मीटरभर केबलींतून २ अँपिअरचा प्रवाह न्यावयाचा आहे असें समजूं. २८ नंबरच्या केबलींत जाऊन-येऊन ०.८५ व्होल्ट खर्ची पडतात, व फोनच्या दारीं ५ पैकीं ४.१५ च पोंचतात. २४ नंबरच्या केबलींत ०.३४ व्होल्ट जातात, आणि २० नंबरच्या केबलींत ०.१३. केबल दोन मीटरांची असेल तर खर्चाचा प्रत्येक आंकडा दुप्पट करावा. अंथरुणावर पडल्या पडल्या फोन पाहतां यावा म्हणून लांबलचक केबल आणणारांनीं हा गुणाकार एकदां करून पाहण्यासारखा आहे.

वरील आंकडे शुद्ध तांब्याचे झाले. स्वस्त केबलींत पुष्कळदां तांब्याचा मुलामा दिलेलें ॲल्युमिनिअम असतें. ॲल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या दीडपटीहूनही थोडा अधिक. तेव्हां अशा केबलींत खर्चही त्याच मानानें वाढतो. बाहेरून रबराचें वेष्टन जाड दिसलें म्हणून आंतील तार जाड असते असें मुळींच नाहीं. पुस्तकाची किंमत पुठ्ठ्यावरून ठरवूं नये हें आपण मुलांस सांगतों. केबलीच्या बाबतींत मात्र आपण स्वतःच पुठ्ठा पाहून पैसे देतों.

फोन मोटारीपेक्षां शहाणा असतो. आपल्या दाराशीं दाब घसरूं लागला कीं तो आपली मागणी आवरती घेतो. २ अँपिअर मागितले असतां दाब फार उतरतो असें दिसलें तर तो दीडवर येतो, मग एकावर. जेथें दाब सांवरतो तेथें थांबतो. त्यामुळें कांहीं जळत नाहीं, धूर निघत नाहीं, कोणतीही सूचना येत नाहीं. पडद्यावर ‘चार्जिंग’ हा शब्द तसाच झळकत राहतो, आणि तासाभराच्या कामास दोन तास लागतात. मोटार निदान गुरगुरून आपली व्यथा सांगते. फोन मुकाट्यानें सोसतो. म्हणूनच केबलीचा दोष वर्षानुवर्षें उघडकीस येत नाहीं.

येथवर साध्या चार्जिंगचा विचार झाला. जलद चार्जिंगमध्यें हीच अडचण कितीतरी पटींनीं वाढते. विजेची शक्ति वॅटमध्यें मोजतात, आणि वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. १८ वॅट शक्ति ५ व्होल्टांनीं पाठवावयाची तर ३.६ अँपिअर प्रवाह लागतो. मघांच्या २८ नंबरच्या मीटरभर केबलींत त्यांपैकीं दीड व्होल्ट वाटेंतच नाहींसा होईल, व १८ पैकीं साडेपांच वॅट केबल तापविण्यांत खर्च होतील. तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, असा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनीं १८४१ मध्यें मांडला. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट, तिप्पट केला तर नऊपट. मग उपाय काय? तार जाड करणें हा एक उपाय झाला. दुसरा उपाय सातारा जिल्ह्याच्या डोळ्यांसमोर साठ वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

पाटण तालुक्यांत कोयनानगर येथें कोयना नदीवर मोठें धरण आहे. त्याच्या शिवसागर जलाशयाचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेस, कोंकणांत पोफळीच्या बाजूस, नेऊन तेथें वीज उत्पन्न करतात. हें उत्पादन १९६२ मध्यें सुरू झालें, आणि पुढें झालेले सर्व टप्पे मिळून या प्रकल्पाची शक्ति सुमारें १,९६० मेगावॅट झाली. ही वीज मुंबई-पुण्याकडे जाते ती २ लक्ष २० हजार व ४ लक्ष व्होल्ट एवढ्या प्रचंड दाबानें. घराघरांत तर २३० व्होल्टच लागतात. मग मध्यें एवढा दाब चढवावा कशाला? हिशेब करून पाहावा. १०० मेगावॅट शक्ति २३० व्होल्टांनीं न्यावयाची ठरविली, तर तीन फेजांची गुंतागुंत बाजूस ठेवूनही सुमारें ४ लक्ष ३५ हजार अँपिअर प्रवाह लागेल. तीच २ लक्ष २० हजार व्होल्टांनीं नेली तर सुमारें ४५५ अँपिअर पुरतात. पहिल्या प्रवाहास पुरेल एवढें जाड तांबें सह्याद्रीच्या कड्यांवरून मुंबईपर्यंत ताणणें कोणाच्याही आटोक्यांतील गोष्ट नव्हे. आणि ताणलेंच, तरी बहुतेक वीज डोंगर तापविण्यांतच संपेल. म्हणून दाब चढवून वीज पाठवावयाची, व शहराजवळच्या सबस्टेशनांत तो उतरवून घ्यावयाचा. कुंभार्ली घाटाच्या परिसरांत डोंगरांवरून गेलेले ते उंच लोखंडी मनोरे याच हिशेबाचे साक्षी आहेत.

जलद चार्जिंगची युक्ति नेमकी हीच. बँक ५ ऐवजीं ९ व्होल्टांनीं वीज पाठविते. मग १८ वॅटांस २ अँपिअर पुरतात, आणि त्याच बारीक केबलींत साडेपांच वॅटांऐवजीं १.७ वॅट गळतात. फोनच्या आंत बसविलेली चिमुकली यंत्रणा हा दाब बॅटरीला मानवेल इतका, म्हणजे ४ व्होल्टांच्या आसपास, उतरवून घेते. पोफळीपासून मुंबईपर्यंतचा सगळा संसार, मनोरे आणि सबस्टेशन यांसह, आपल्या खिशांत हातभर अंतरांत मांडलेला आहे असें म्हटलें तरी चालेल.

मात्र दाब चढविण्यापूर्वीं समोरच्यास विचारावें लागतें. ज्या फोनास ९ व्होल्ट सोसत नाहींत त्यावर ते अचानक सोडले तर अनर्थ होईल. म्हणून बँक आरंभीं नेहमीं ५ व्होल्टच देते. नंतर बँक व फोन यांच्यांत एक संभाषण होतें. बँक म्हणते, मजजवळ ५, ९, १५ व २० व्होल्ट आहेत. फोन म्हणतो, मला ९ दे. ‘पॉवर डिलिव्हरी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सर्वमान्य पद्धतींत हें संभाषण केबलींतील एका स्वतंत्र बारीक तारेवरून चालतें. २०१४ मध्यें जी टाइप-सी नांवाची, दोन्हीं बाजूंनीं सारखी बसणारी पिन आली, ती दोन्हीं टोकांस असलेल्या केबलींतच ही तार असते. एका टोकास जुनी रुंद चौकोनी पिन असलेल्या केबलींत ती नसते. त्यामुळें त्याच बँकेस, त्याच फोनास, नुसती केबल बदलली तर एकदां जलद व एकदां मंद चार्जिंग होतें, यांत चमत्कार कांहीं नाहीं. चौकोनी पिनेच्या मार्गानेंही दाब चढविण्याच्या कांहीं जुन्या पद्धति आहेत. त्या निरोपासाठीं असलेल्या दोन तारांवरून चालतात, पण त्या बँकेस व फोनास दोघांसही समजाव्या लागतात. अगदीं स्वस्त केबलींत या दोन ताराही गाळलेल्या असतात. तेथें संभाषणच होत नाहीं. वीज तेवढी संथपणें ठिबकत राहते.

केबलीस स्वतःचीही एक मर्यादा असते, व ती तिला सांगतां यावी लागते. टाइप-सीच्या नियमांप्रमाणें साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच्या प्रवाहासाठीं असते; २० व्होल्ट गुणिले ३ म्हणजे ६० वॅट ही तिची शीव. त्याहून अधिक प्रवाह, म्हणजे ५ अँपिअर, न्यावयाचा तर केबलीच्या पिनेंत एक सूक्ष्म चिप बसविलेली असावी लागते. बँक तिला विचारते, तुला किती पेलेल? चिपेनें ५ अँपिअरचा निर्वाळा दिला तरच बँक तितका प्रवाह सोडते. उत्तर आलें नाहीं तर ३ वर थांबते. २०२१ मध्यें या पद्धतींत ४८ व्होल्टांपर्यंतचे दाब समाविष्ट झाले, तेव्हांपासून अशा केबली २४० वॅटपर्यंतच्या असतात, आणि प्रमाणित केबलीवर ६० किंवा २४० हा आंकडा छापण्याचा नियम आहे. वीस-पंचवीस वॅटांच्या फोनास ६० वॅटांची केबल भरपूर होते. लॅपटॉपास, तसेंच ज्या फोनांच्या ४५ वॅटांच्या चार्जिंगास ५ अँपिअर लागतात त्यांस, चिपेची केबल हवी. फोन २५ वॅटांचा असतां महागांतील महाग केबल घेतल्यानें तो अधिक वेगानें भरेल, ही समजूत मात्र चुकीची आहे. तिघांपैकीं जो सर्वांत दुबळा त्याच्याच चालीनें काफिला चालतो.

दाब न चढवितां प्रवाहच वाढविण्याचा मार्गही कांहीं कंपन्यांनीं धरला. ओप्पो कंपनीनें २०१४ मध्यें आणलेल्या ‘वूक’ पद्धतींत दाब ५ व्होल्टच ठेवून प्रवाह ४ अँपिअरपर्यंत नेला होता. अर्थात् त्यासाठीं केबल खास जाड करावी लागली. असे फोन आपल्याच चार्जरावर व आपल्याच केबलीवर पूर्ण वेगानें भरतात. परक्या पॉवर बँकेवर लावले तर बहुधा सामान्य गतीवर येतात. फोनाबरोबर आलेली ती रंगीत, जाडसर केबल हरवूं नये, याचें कारण हें.

केबल खोटें बोलली तर काय होतें, याचेंही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. चौकोनी पिनेपासून टाइप-सीकडे जाणाऱ्या केबलींत ५६ हजार ओहमचा एक लहानसा रोधक असतो. त्यावरून फोनास कळतें कीं, पलीकडे जुन्या पद्धतीचा पुरवठा आहे, फार मागूं नकोस. कित्येक कारखानदारांनीं त्या जागीं १० हजार ओहमचा रोधक बसविला. त्याचा अर्थ होतो, खुशाल ३ अँपिअर ओढ! मग दीड-दोन अँपिअरांच्या बेतानें बनविलेली बँक किंवा चार्जर तापून निकामी होण्याचा धोका. गूगल कंपनींतील अभियंते बेन्सन लुंग यांनीं २०१५ च्या अखेरीस अशा केबली स्वतः विकत घेऊन एकेक तपासण्यास व निष्कर्ष लोकांपुढें मांडण्यास आरंभ केला. २०१६ च्या फेब्रुवारींत एका केबलींत तर जाणारी व परत येणारी तार यांची अदलाबदल झालेली निघाली, आणि ती लावतांच त्यांचा तपासणीचा लॅपटॉप कायमचा बिघडला. पूल कोसळल्याशिवाय पुलाची परीक्षा होत नाहीं असें म्हणतात. त्या गृहस्थांनीं स्वतःच्या खर्चानें ती करून घेतली.

आतां पुन्हां पुराच्या रात्रीकडे वळूं. भिंतींतील विजेस अंत नाहीं. पॉवर बँकेंतील विजेस आहे. दहा हजार मिलिअँपिअर-अवर हा आंकडा बँकेच्या आंतील ३.७ व्होल्टांच्या बॅटरीचा असतो. दोहोंचा गुणाकार केला तर ३७ वॅट-तास होतात. दाब चढविण्यांत सुमारें दहावा हिस्सा गेला असें धरलें, तर ३३ वॅट-तास केबलीच्या तोंडाशीं येतात. पांच हजारांच्या फोनची बॅटरी सुमारें १९ वॅट-तासांची असते. आतां ५ व्होल्टांवर, २ अँपिअर प्रवाहानें, तीच २८ नंबरची मीटरभर केबल वापरली, तर ३३ पैकीं साडेपांच वॅट-तास केबलीच्या वेष्टनास ऊब देण्यांत जातात. तेवढ्यांत फोनचा पावाहून अधिक भाग भरला असता. जेथें एकेक टक्का जपावयाचा, तेथें ही गळती लहान म्हणवत नाहीं.

आणि येथें एक गोष्ट उलटी आहे, ती ध्यानांत ठेवण्याजोगी. घाई नसेल तेव्हां संथ चार्जिंगच अधिक काटकसरीचें. प्रवाह निम्मा केला तर त्याच केबलींतील गळती सतरा टक्क्यांवरून साडेआठांवर येते. म्हणून रात्रीं, कोणास बोलावयाचें नसतां, फोन बंद करून तो सावकाश भरूं द्यावा; जलद चार्जिंग राखून ठेवावें तें बोट येण्याच्या वेळेपूर्वीं दहा मिनिटांत चार शब्द बोलण्यापुरती वीज हवी असेल तेव्हांसाठीं. आंखूड व जाड केबल दोन्हीं वेळीं कामास येते. वीतभर लांबीची केबल बँकेशींच गुंडाळून ठेवावी. लांब केबल घरांतील भिंतीसाठीं असूं द्यावी.

आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत येते, आणि लोणंद, तरडगांव, फलटण असे मुक्काम करीत पुढें जाते. आतां वारकऱ्याच्या पडशींतही फोन असतो, व एकाच बँकेस दोघां-तिघांचे फोन लावण्याचा प्रसंग येतो. अशा वेळीं बँकेची शक्ति वांटली जाते, आणि पुष्कळ बँका दोन फोन लागतांच ९ व्होल्ट सोडून सर्वांस ५ व्होल्टांवर आणतात. तेथें केबलीस बोल लावूं नये. ज्याचा फोन अगदीं मेला असेल त्याचा आधीं एकट्याचा थोडा भरून घ्यावा, मग दुसऱ्याचा. तिघांस एकदम लावण्यापेक्षां हें लवकर होतें.

केबल झिजते ती बहुधा पिनेच्या मुळाशीं, कारण तेथेंच ती वारंवार वांकते. आंतील बारीक धागे एकेक करून तुटतात. उरलेल्यांवर भार पडतो. पिनेपाशीं हात लावला तर चटका बसतो. अशी केबल चिकटपट्टी गुंडाळून वापरीत राहणें धोक्याचें आहे. फोनच्या भोंकांत धूळ व खिशांतील लोंकर सांठली तरी पिन पुरती बसत नाहीं, आणि स्पर्शाच्या जागीं रोध वाढतो. सांगलीच्या बाजारांत हळदीच्या पोत्यांजवळ वावरणाऱ्या फोनची तोंडें पाहिलीं म्हणजे याची साक्ष पटते! महाबळेश्वराकडे पावसाळाभर हवा ओली. तेथें उघड्या ठेवलेल्या पिनांवर गंज चढतो. ओली पिन कधींही फोनास लावूं नये. पुरांत भिजलेली अथवा फुगलेली बँक कितीही भरलेली असली तरी टाकाऊच समजावी. नवी घेतांना तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण व ‘आर’ या अक्षरानें आरंभ होणारा नोंदणी-क्रमांक आहे कीं नाहीं, तें पाहून घ्यावें.

वरील सर्व गोष्टी विद्यार्थ्यांनीं केवळ वाचून मान्य कराव्या असें नाहीं. घरांतील चार-पांच केबली गोळा कराव्या, प्रत्येकीस दोऱ्यानें क्रमांक बांधावा, आणि एक रविवार प्रयोगास द्यावा. बँक प्रत्येक वेळीं पुरती भरलेली असावी. फोन एकच, त्याचा पडदा बंद, व आरंभ नेहमीं २० टक्क्यांपासून. घड्याळ लावून ५० टक्के होण्यास किती मिनिटें लागतात तें वहींत लिहावें. दोन केबलींच्या प्रयोगांमध्यें फोन थंड होऊं द्यावा, कारण तापलेला फोन आपण होऊन मंद भरतो. बाजारांत व्होल्ट व अँपिअर दाखविणारें बोटभर लांबीचें मापक मिळतें. तें केबलीच्या फोनकडील टोकास जोडतां आलें तर प्रत्येक केबल किती व्होल्ट खाते हें प्रत्यक्ष आंकड्यांत दिसेल, आणि ओहमच्या नियमानें तिचा रोधही काढतां येईल. मात्र ही परीक्षा ८० टक्क्यांच्या पुढें घेऊं नये. तेथून पुढें बॅटरी भरत आली म्हणून फोन स्वतःच प्रवाह कमी करीत जातो. तेथें जाड केबल व बारीक केबल दोन्हीं सारख्याच वेगानें चालतांना दिसतात.